गिअरचा दांडा अडतो तेव्हां



घरांत एखादी वस्तु हरवली कीं सर्वांची दृष्टि प्रथम नव्या गड्याकडे वळते. तो बिचारा कालच कामाला लागलेला असतो. त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नसतें. आणि तो येण्यापूर्वीं सर्व सुरळीत होतें, एवढा एकच पुरावा त्याला दोषी ठरविण्यास पुरेसा होतो. जुन्या मोटारींत दुसरा गिअरबॉक्स बसविल्यावर गिअर अडूं लागले, म्हणजे अगदीं हाच न्याय चालतो. दांडा जड लागतो, दांडा गिअरबॉक्सला जोडलेला, गिअरबॉक्स नवा, तेव्हां दोष गिअरबॉक्सचा! तर्क मोठा सरळ दिसतो. परंतु पुष्कळदां तो चुकीचा ठरतो, आणि ती चूक महाग पडते.

इंग्लंडांतील एखाद्या लहान गांवीं राहणारा, नोकरींतून निवृत्त झालेला एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. त्याच्याजवळ एम. जी. बी. जातीची उघडी, दोन माणसांची मोटार आहे. ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंगडन येथील कारखान्यांत 1962 पासून 1980 पर्यंत तयार होत असे, आणि सर्व प्रकार मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिचा मूळचा गिअरबॉक्स चार गतींचा. आरंभींच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशची सोय नव्हती. 1967 च्या अखेरीस ती चारहि गिअरांना मिळाली. ओव्हरड्राइव्ह नांवाचें जोडयंत्र नसेल, तर आजच्या रुंद रस्त्यांवर वेगानें जातांना या गाडीचें एंजिन फार जोरांत फिरतें आणि शेजारीं बसलेल्या माणसाशीं बोलणें कठीण होतें. म्हणून कित्येक मालक तिच्यांत फोर्ड कंपनीच्या सिएरा गाडीचा, टाइप नाइन या नांवानें ओळखला जाणारा, पांच गतींचा गिअरबॉक्स बसवितात. तो सरळ बसत नाहीं. त्याला वेगळें बेल हाऊसिंग लागतें. त्याच्या शाफ्टच्या टोंकासाठीं एंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्यें वेगळ्या मापाचा बुश घालावा लागतो. मागील चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करावा लागतो.

या गृहस्थानें हें सर्व केलें. शेजारच्या गांवांतील एका वृद्ध मेकॅनिकनें जुना टाइप नाइन उघडून, आंतील झिजलेले भाग बदलून तो नीट करून दिला. गाडींत बसविण्याचें काम मात्र मालकानें एका मित्राच्या मदतीनें स्वतःच्या शेडमध्यें उरकलें. पहिल्याच सकाळीं गाडी बाहेर काढली, तों पहिला गिअर पडेना. जोर केला, तेव्हां पडला. दुसऱ्याला पुन्हां तोच प्रकार. रिव्हर्स टाकतांना तर असा करकराट झाला कीं शेजारीण खिडकींतून पाहूं लागली. संध्याकाळीं गृहस्थानें मेकॅनिकला पत्र लिहिलें: गिअरबॉक्स सदोष आहे, पैसे परत करावेत. तें पत्र पाकिटांत घालून टेबलावर ठेवलें आहे. पोस्टांत पडलें नाहीं, एवढेंच.

या गाडींतून गिअरबॉक्स काढावयाचा म्हणजे एंजिनासकट काढावा लागतो. पाणी, तेल, विजेच्या तारा, धुराची नळी सर्व सोडवून दोन्ही जड वस्तु एकत्र उचलावयाच्या, हें वृद्ध माणसाला दोन-तीन दिवसांचें काम आहे. इतकें करूनहि दोष तेथें नसेलच, तर श्रम गेले, पैसे गेले, आणि ज्यानें प्रामाणिकपणें काम केलें त्या माणसावर खोटा आळ आला. पाकीट बंद करण्यापूर्वीं थोडा विचार करणें म्हणूनच अगत्याचें आहे.

प्रथम गिअरबॉक्सच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. एंजिनाची गति क्लचमधून एका शाफ्टवाटे आंत येते. पुढें जाण्याच्या गिअरांच्या दंतचक्रांच्या जोड्या तेथें सदैव एकमेकींत गुंतलेल्या असतात. दांडा हलविला म्हणजे चक्रें एकमेकांत शिरतात, ही समजूत अशा गिअरबॉक्सला लागू नाहीं. दांड्यानें एक दांतेरी कडें सरकतें, आणि मोकळ्या फिरणाऱ्या चक्रांपैकीं एकाला तें मुख्य शाफ्टशीं बांधून टाकतें. मात्र बांधण्यापूर्वीं दोघांचा वेग सारखा झाला पाहिजे. हें काम पितळेची एक निमुळती कडी करते. दांडा दाबला कीं ती चक्राच्या निमुळत्या अंगावर घासते आणि वेग सारखा करते. आणि जोंवर तो सारखा झाला नाहीं, तोंवर पहारेकऱ्याप्रमाणें वाट अडवून धरते. हीच सिंक्रोमेशची युक्ति. अमेरिकेंतील कॅडिलॅक गाड्यांत ती 1928 सालीं प्रथम आली. त्यापूर्वीं चालकाला क्लच दोनदां दाबून आणि एंजिनाचा सूर कानानें ओळखून गिअर टाकावे लागत.

खरें मर्म येथेंच आहे. क्लच दाबूनहि शाफ्ट एंजिनापासून पूर्णपणें सुटला नाहीं, तर एंजिन त्याला फिरवीतच राहतें. पितळी कडी त्याला थांबवूं पाहते, एंजिन त्याला ओढीत असतें. वेग सारखा होत नाहीं, पहारेकरी वाट देत नाहीं. आणि हाताला एवढेंच कळतें कीं दांडा जड आहे. गिअरबॉक्स आपलें काम चोख बजावीत असतो, आणि खापर त्याच्याच माथीं फुटतें. अशा वेळीं मनगटाच्या जोरानें गिअर टाकणें म्हणजे आपल्याच पहारेकऱ्याला मारहाण करणें होय. नवी पितळी कडी या मारानें लौकर झिजते, आणि जो दोष मुळांत नव्हता तो खरोखरच उत्पन्न होतो.

म्हणून पहिली परीक्षा एंजिन बंद ठेवून करावी. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, आणि दांडा सावकाश प्रत्येक गिअरांत नेऊन परत आणावा. एखादा गिअर न पडल्यास दांत्यावर दांता आला असेल; गाडी वीतभर ढकलून पुन्हां पाहावें. या परीक्षेचा अर्थ अगदीं सोपा आहे. एंजिन बंद असतांना सर्व गिअर पडतात आणि चालू असतांना अडतात, तर संशय क्लचकडे वळवावा. दोन्ही वेळां सारखेच अडतात, तर दांडा, त्याची जोडणी, तेल किंवा गिअरबॉक्सचें अंतरंग यांकडे पाहावें. गृहस्थाच्या गाडींत थंड सकाळीं सर्व गिअर पडले. दांडा मधांतून फिरविल्यासारखा किंचित् जड होता, परंतु अडला कोठेंच नाहीं.

दुसरी परीक्षा एंजिन चालू ठेवून. गाडीसमोर आणि मागें मोकळी जागा असावी, हातब्रेक ओढलेला असावा. कारण क्लच सुटत नसेल तर गाडी अकस्मात् उडी घेते. एंजिन मंद चालूं द्यावें, क्लच तळापर्यंत दाबावा, चार-पांच सेकंद थांबावें, आणि मग रिव्हर्स हलकेच टाकून पाहावा. रिव्हर्सच घ्यावयाचा, कारण या गिअरबॉक्समध्यें त्याला सिंक्रोमेश नाहीं आणि म्हणून तो कांहीं लपवीत नाहीं. शाफ्ट थांबला असेल तर तो निमूटपणें पडतो. फिरत असेल तर करकरतो. करकर ऐकूं येतांच हात मागें घ्यावा. उत्तर मिळालें, आतां दांते झिजविण्याचें कारण उरलें नाहीं. गृहस्थाच्या गाडीनें हें उत्तर पहिल्याच दिवशीं, शेजारणीलाहि ऐकूं जाईल अशा आवाजांत दिलें होतें. तें कोणीं लक्ष देऊन ऐकलें नाहीं.

तिसरी परीक्षा पायाची. एम. जी. बी. मध्यें क्लच तेलाच्या दाबानें चालतो. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेल नळीवाटे स्लेव्ह सिलिंडरांत जातें, आणि तेथील दट्ट्या क्लचचा कांटा ढकलतो. पेडल दोन-तीन वेळां भरभर दाबून मग गिअर टाकावा. तो सोपा पडला, तर क्लचला पुरेसा प्रवास मिळत नाहीं हें सिद्ध झालें. तेलांत हवा राहिली असेल. कारण तेल दाबलें जात नाहीं, पण हवा दाबली जाते, आणि पायाचे श्रम तिला आवळण्यांतच खर्च होतात. हवा काढण्याचें तोंड सिलिंडरच्या सर्वांत उंच भागीं आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. तें खालीं राहिलें, तर हवा वरच्या कोपऱ्यांत बसून राहते आणि बाटलीभर तेल वाहून गेलें तरी बाहेर येत नाहीं. जुनी रबरी नळीहि तपासावी. दुसऱ्या माणसानें पेडल दाबतांच नळी फुगत असेल, तर तेवढा प्रवास वाटेंतच नाहींसा होतो.

ज्यानें गिअरबॉक्सबरोबर स्लेव्ह सिलिंडरहि बदलला असेल, त्यानें शाळेंतील क्षेत्रफळाचें गणित आठवावें. सात-अष्टमांश इंच व्यासाच्या जागीं एक इंच व्यासाचा सिलिंडर बसविला, तर फरक डोळ्याला क्षुल्लक दिसतो. पण दट्ट्याचा प्रवास क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो. तो पूर्वीच्या 49/64, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश राहतो. पेडल हलकें लागतें, म्हणून मालक खूष होतो. आणि क्लच अर्धवट सुटतो, म्हणून गिअर जड होतात. एका हातानें मिळालें तें दुसऱ्या हातानें गेलें.

गृहस्थानें पेडल भरभर दाबून पाहिलें आणि गिअर बराच सोपा पडला. मग तो बॅटरी घेऊन पेडलखालीं वाकला. पेडल आणि मास्टर सिलिंडरची सळई यांना जोडणारी खीळ बोटानें हलविली, तों ती खडखडली. गोल असावयाचें भोंक वर्षांनुवर्षांच्या वापरानें लांबट झालें होतें आणि खीळ मधोमध झिजली होती. या गाड्यांत ही झीज नेहमीं आढळते. पेडलाचा पहिला प्रवास ही पोकळी भरून काढण्यांतच जाई. जुन्या गिअरबॉक्सच्या वेळींहि ती होतीच. पण तो क्लच कसाबसा सुटत असे आणि पायाला त्याची संवय झाली होती. बसवितांना नळी सोडल्यामुळें थोडी हवा शिरली, नवी क्लच-प्लेट आली, आणि जी उणीव आजवर निभावत होती ती निभावेनाशी झाली. काम झाल्यावर दोष दिसला, याचा अर्थ कामानेंच तो आणला असा नव्हे. पुष्कळदां काम केवळ त्याच्यावरील पडदा दूर करतें.

खीळ बदलली, भोंक बुश घालून गोल केलें, हवा पूर्णपणें काढली. एंजिन चालू केलें, क्लच दाबला, चार सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. आवाज झाला नाहीं.

एवढ्यानें भागलें नसतें तर? प्रवास पुरेसा मिळूनहि शाफ्ट फिरतच राहतो, तेव्हां कारण बेल हाऊसिंगच्या आंत असतें, आणि तेथें नुकत्याच केलेल्या कामाची आठवण प्रामाणिकपणें करावी लागते. क्लच-प्लेटची फ्लायव्हीलकडील बाजू ठरलेली असते. ती उलटी बसली, तर तिचा मधला भाग घासतो आणि क्लच सुटत नाहीं. गिअरबॉक्स बसवितांना त्याचें ओझें क्षणभर जरी शाफ्टवर लोंबकळलें, तरी प्लेट वांकडी होऊं शकते. शाफ्टवरील खांचांना गंज चढला असेल, तर प्लेट मागें सरकत नाहीं. आणि सर्वांत फसवा दोष क्रँकशाफ्टमधील त्या लहानशा बुशाचा. नव्या गिअरबॉक्ससाठीं तो नव्या मापाचा घातलेला असतो. तो घट्ट झाला, तर क्लच पूर्णपणें सुटला असतांनाहि एंजिन शाफ्टला नाकाला धरून फिरवितें. म्हणून गिअरबॉक्स वर चढविण्यापूर्वींच शाफ्टचें टोंक त्या बुशांत घालून हातानें सहज फिरतें कीं नाहीं हें पाहणें इष्ट. दोन मिनिटांच्या या खटाटोपानें पुढचे तीन दिवस वांचतात.

एंजिन बंद असतांनाहि दांडा अडत असेल, तर आंत शिरण्यापूर्वीं बाहेर पाहावें. नवा गिअरबॉक्स जुन्या जागेंत बसला, म्हणजे त्याचा दांडा जुन्या भोंकांत मधोमध येतोच असें नाहीं. पत्र्याच्या कडेला तो एखाद्या गिअरांत टेकत असेल. वरचें रबरी आवरण काढून पुन्हां पाहिलें कीं हें तत्काळ उलगडतें. आपल्याकडील जुन्या गाड्यांत हा भाग अधिकच महत्त्वाचा आहे. मुंबईंत कुर्ल्यास तयार झालेली फिआट, जी पुढें प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघरीं ओळखली गेली आणि जिची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. किंवा उत्तरपाड्याची अँबॅसडर, जी 2014 सालीं बनावयाची थांबली. या गाड्यांच्या पुष्कळ प्रकारांत गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असे. त्याची हालचाल सळया आणि सांधे यांमधून फिरत फिरत गिअरबॉक्सपर्यंत पोंचते. अशा गाडींत सळया गिअरबॉक्सपाशीं सोडवाव्या, आणि तेथील तरफ हातानें हलवून पाहावी. तरफ सहज हलली, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. दोष वाटेंत आहे, आणि तो झिजलेल्या बुशांचा किंवा चुकीच्या लांबीवर जुळविलेल्या सळईचा असतो.

आतां तेलाविषयीं. गृहस्थाच्या गाडींत थंडीच्या सकाळीं जो किंचित् जडपणा उरला होता, तो दहा मैल गेल्यावर नाहींसा होई. थंडींत जड आणि गरम झाल्यावर हलका, हें तेलाचें लक्षण आहे. एम. जी. बी. च्या मूळ गिअरबॉक्समध्यें एंजिनाचेंच तेल घालावयाचें असतें. फोर्डच्या गिअरबॉक्सला तें चालत नाहीं, एवढें गृहस्थाला ठाऊक होतें. म्हणून त्यानें शेडमध्यें मागील आंसासाठीं ठेवलेलें 90 क्रमांकाचें तेल ओतलें. फोर्डच्या गिअरबॉक्सला हवें होतें 80 क्रमांकाचें. हे आंकडे फसवे आहेत. गिअर-तेलाची मोजपट्टी एंजिन-तेलाहून वेगळी असते. गिअर-तेल 90 हें दाटपणानें एंजिन-तेल 40 किंवा 50 च्या आसपासच येतें. शिवाय आंसाच्या तेलांत दांत्यांवरील प्रचंड दाब सोसण्यासाठीं गंधकयुक्त द्रव्यें मिसळलेलीं असतात. त्यांपैकीं कांहीं पितळेला बाधक असतात. आणि तेल फार निसरडें असल्यास पितळी कडीला घासून वेग सारखा करणें कठीण जातें. तिचें कामच मुळीं घासण्याचें आहे. तेल बदलतांच उरलेला जडपणाहि गेला.

गिअरबॉक्स कधींच दोषी नसतो, असें मात्र कोणीं समजूं नये. एंजिन बंद असो वा चालू, तेल थंड असो वा गरम, एकच ठराविक गिअर अडत असेल. पडलेला गिअर चालतां चालतां आपोआप बाहेर उडत असेल. काढलेल्या तेलांत पोलादाचे कण किंवा पितळेचा पुष्कळसा चुरा चमकत असेल. तर तो उघडलाच पाहिजे. तेव्हां आळस करणें तितकेंच वाईट. नव्या पितळी कड्या बसविलेला गिअरबॉक्स पहिले कांहींशें मैल थोडा ताठ राहतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. सर्व गिअरांत सारखा असलेला आणि दिवसेंदिवस कमी होत जाणारा ताठपणा रोगाचा नसतो. तो नव्या जोड्यासारखा असतो.

मुख्य गोष्ट परीक्षांच्या क्रमाची आहे. जें पाहण्यास कांहीं खर्च येत नाहीं तें अगोदर पाहावें; ज्याला पाना लागतो तें नंतर; आणि ज्यासाठीं एंजिन उचलावें लागतें तें सर्वांत शेवटीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशानें गुण आला हें कळतें. आणि काम करणाऱ्यानें आपण स्वतः ज्याला हात लावला त्याकडे प्रथम पाहावें. दुसऱ्याचें काम तपासणें सोपें असतें, आपलें तपासतांना मन आडवें येतें. परंतु पुष्कळ दोष तेथेंच सांपडतात.

टेबलावरील तें पाकीट आठ दिवस तसेंच पडून होतें. गृहस्थानें तें उघडलें, आंतील कागद चुलींत टाकला, आणि पाकिटावर पत्ता व तिकीट दोन्ही होतींच म्हणून त्यांत दुसरा कागद घातला. त्यावर त्यानें लिहिलें होतें कीं गाडी उत्तम चालते. पांचव्या गिअरांत एंजिन इतकें शांत असतें कीं शेजारच्याशीं बोलतां येतें. आणि एकदां येऊन फेरी मारावी. वृद्ध मेकॅनिकला पहिल्या पत्राविषयीं कधींच कळलें नाहीं.